व्हेंटिलेटर लावला वेळेत, काढायला मात्र फार वाट पाहावी लागली

माझे धाकटे दीर मण्यारीच्या दंशानंतर व्हेंटिलेटरवर होते आणि त्यातून पूर्ण बरे होऊन आता शेतात काम करत आहेत. तरीही त्या काळातल्या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी स्वतः लातूरला अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. त्यामुळे काचेच्या दाराबाहेर नातेवाईक म्हणून उभी असताना आत काय व्हायला हवे आणि काय होत नाही, हे मला दिसत होते.

पावसाळ्यात भाऊजी शेतातल्या आखाड्यावर जमिनीवरच अंथरूण टाकून झोपले होते. मण्यारीचा दंश झोपेत कळत नाही आणि खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या उघडेनात, थुंकी गिळता येईना. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली, तर पित्त म्हणून घरगुती उपाय न करता त्याला थेट दवाखान्यात न्यावे, एवढे मी सर्वांना सांगते. तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविषाच्या दहा कुप्या दिल्या, श्वास उथळ होताच घशात नळी घातली आणि १०८ च्या गाडीतून अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची रबरी पिशवी) दाबत त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी आणले. सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रेही विनासायास झाली.

मण्यारीचे विष मज्जातंतूंची स्नायूंपाशी असलेली टोके निकामी करते. एकदा हे नुकसान झाले की प्रतिविष ते भरून काढू शकत नाही. ती टोके शरीरालाच पुन्हा तयार करावी लागतात आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वासाचे काम यंत्राने करायचे, हाच खरा उपचार. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने बॅग दाबून रुग्ण जगवले, त्यामागेही हेच तत्त्व होते.

सुरुवातीला भाऊजींच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नव्हत्या, तेव्हा बाहेर कुणीतरी ‘मेंदू गेला’ असे म्हणाले आणि जाऊबाई खालीच बसल्या. मण्यारीच्या रुग्णात बाहुल्या विषानेच स्तब्ध होतात, त्यावरून मेंदूबद्दल निष्कर्ष काढायचा नसतो. भेटीच्या वेळी मी त्यांची पापणी बोटाने वर धरली आणि म्हटले, “भाऊजी, मी वहिनी. ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.” उजवा अंगठा किंचित, पण नक्की हलला. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक माणूस आत गेला की त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागला.

हळूहळू ताकद परतली. यंत्रातून द्यावा लागणारा ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसे उघडी ठेवणारा यंत्राचा दाब) ५ वर आला, खोकला जोरदार होता, मान उशीवरून उचलून ते पाच सेकंद धरू शकत होते. आता रोज सकाळी झोपेचे औषध थांबवून, यंत्राचा आधार कमीत कमी ठेवून, रुग्ण स्वतः किती श्वास घेतो हे पाहायचे असते. ही चाचणी अर्ध्या तासाची असते, फार तर दोन तासांची. नेमकी तीच होत नव्हती.

कारण साधे आणि संताप आणणारे होते. रात्री रुग्ण नळीकडे हात नेतो म्हणून मिडाझोलाम या झोपेच्या औषधाच्या पंपाचा वेग वाढवला जाई. एका सिस्टरकडे अनेक खाटा असताना ती दुसरे काय करणार, हे मी जाणते. सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड अकराच्या पुढे होई आणि तेव्हा रुग्ण गाढ झोपेत असे. “आज गुंगीत आहेत, उद्या बघू.” मग पंप थोडा कमी होई, संध्याकाळी ते जागे होत, अस्वस्थ होत, आणि रात्री वेग पुन्हा वाढे. अनेक दिवस चाललेले मिडाझोलाम शरीरात साठते. राउंडच्या तोंडावर पंप बंद करून रुग्ण लगेच जागा होत नाही. शनिवार-रविवार आला तर ‘उद्या’चा अर्थ सोमवार होई. नळीत घालवलेला प्रत्येक जादा दिवस न्यूमोनियाचा धोका वाढवतो आणि आधीच दुबळे झालेले श्वासाचे स्नायू आणखी क्षीण करतो. एकदा तर नळी राहणारच असेल तर गळ्याला छिद्र पाडण्याच्या संमतीपत्रावर सही करा, असेही सांगण्यात आले. ज्या माणसाने स्वतः श्वास घेऊन पाहिलाच नाही, त्याच्या गळ्याला छिद्र कशासाठी, असे मी विचारले आणि सही थांबवली. स्वतः श्वास घेण्याची चाचणी रीतसर होऊनही वारंवार फसत असेल, तर ते छिद्र उपयोगीच असते; माझा त्याला विरोध नाही.

शेवटी मी निवासी डॉक्टरांना गाठले. तक्रारीच्या सुरात बोलले नाही. “सर, पहाटेच पंप बंद करता येईल का? नळी ओढू नयेत म्हणून घरचा एक माणूस खाटेशी हात धरून बसेल,” एवढेच विचारले. त्यांनी ते वरिष्ठांना विचारून मान्य केले. दुसऱ्या सकाळी राउंडच्या वेळी भाऊजी टक्क जागे होते. चाचणीत श्वासाचा वेग मिनिटाला बावीसच्या आसपास आणि प्रत्येक श्वास चारशे मिलिलिटर राहिला. वेगाला लिटरमधल्या श्वासाने भागले की येणारा आकडा १०५ च्या खाली हवा; येथे तो ५५ होता. दुपारी नळी निघाली आणि मला अक्षरशः हायसे वाटले.

आणखी एक राहिले. यंत्राने द्यायच्या श्वासाचे माप रुग्णाच्या वजनावर नव्हे, उंचीवर ठरते. म्हणून घरच्यांना नेमकी उंची ठाऊक असावी किंवा टेपने मोजायला सांगावी. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर आहे ना, हे भेटीला गेल्यावर पाहावे आणि नसेल तर सिस्टरला नम्रपणे सांगावे. पापण्या मिटत नसतील तर डोळे कोरडे पडून बुब्बुळाला इजा होते, तेव्हा थेंब व पट्टीबद्दल विचारावे. आणि नळी निघाल्याच्या आनंदात लगेच पाणी किंवा चहा पाजू नये. सासूबाईंनी थर्मास उघडला होता, तो मी बाजूला ठेवला. गिळण्याची ताकद परतल्याची खात्री डॉक्टरांनी केल्यावरच पहिला चमचा द्यावा, नाहीतर तेच पाणी फुप्फुसात जाऊन नळी पुन्हा घालण्याची वेळ येते.