नाकापेक्षा पंप जड

पहिला खाऱ्या पाण्याचा टँक लावायला घेतला तेव्हा मी सगळ्यात आधी काय घेतलं तर रिटर्न पंप, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीतलं (तिला संप म्हणतात) पाणी वर ढकलणारा. चांगला दणकट, बॉक्सवर ताशी 6000 लिटर छापलेला. टँक 300 लिटरचा, म्हणजे तासाला 20 वेळा पाणी फिरणार, मासे खूश, कोरल खूश, असं माझं गणित. चालू केला आणि दोन मिनिटांत पाणी काठाला आलं, प्लग ओढला म्हणून वाचलो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पंप शेवटी घ्या. आधी ओव्हरफ्लो, म्हणजे टँकच्या काठावरून सांडलेलं पाणी पाइपने खाली संपमध्ये नेणारी सोय. बरेच जण विचारतात की वरून येणारं आणि खालून जाणारं पाणी बरोबर मॅच कसं करायचं, तर ते करायचं नसतंच, कारण पंप जेवढं वर ढकलतो तेवढंच काठावरून सांडून खाली येतं, आपोआप. बघायचं फक्त हे की खाली जाणाऱ्या पाइपची ऐपत पंपापेक्षा भरपूर जास्त आहे ना. (खाली आणायलाही दुसरा पंप लावतो म्हणणारे भेटतात. नका लावू. दोन पंप कधीच सारखे चालत नाहीत, एक दिवस वरचा टँक तरी सांडतो नाहीतर खालचा संप तरी.)

1 इंची पाइप ड्युर्सो पद्धतीने, म्हणजे हवा आणि पाणी एकत्र जाणारा, असेल तर मी ताशी 2000 लिटरच्या पुढे जात नाही, त्यानंतर तो रात्रभर गुळण्या करतो. तोच पाइप पूर्ण भरून सायफनवर चालवला की सहज दुप्पट पाणी नेतो आणि आवाजही नाही. पण मग त्याला गेट व्हॉल्व्ह लागतो, बॉल व्हॉल्व्हने जमत नाही, तो केसभर फिरवला तरी प्रवाह धाडकन बदलतो. आणि शेजारी एक कोरडा इमर्जन्सी पाइप हवाच, पहिला तुंबला तरच पाणी नेणारा, त्याच्यावर कुठलाही व्हॉल्व्ह नको. याला हर्बी म्हणतात. तीन पाइपवालं बीन ॲनिमल त्याहून निर्धास्त, पण माझ्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये तिसऱ्याला जागा नव्हती.

आता प्रवाह किती? संपमधून तासाला टँकच्या 5 पट पुरतं, माझ्या मते. कोरलला जो जोराचा करंट लागतो तो वेव्हमेकरने, म्हणजे टँकमध्येच पाणी ढवळणाऱ्या पंपाने द्या, ते संपचं काम नाही. स्किमर (संपमधलं, फेसातून घाण काढणारं यंत्र) ठरावीकच पाणी ओढतो, बाकीचं त्याच्या बाजूने नुसतं निघून जातं आणि जाताना बारीक बुडबुडे घेऊन वर येतं. म्हणजे 300 लिटरला 1500 बास. बॉक्सवरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. पाणी दीड मीटर वर चढवायचं, वाटेत एल्बो, अरुंद नळी, सगळं त्यातून वजा होतं, आणि बॉक्सवर जी मॅक्स हेड लिहितात त्या उंचीला प्रवाह चक्क शून्य असतो. माझा आत्ताचा पंप 3000 चा आहे. मी रिटर्नच्या तोंडाखाली बादली धरून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, 10 लिटर भरायला 22 सेकंद, म्हणजे ताशी साधारण 1640. एसी पंप जास्त वाटला तर बाहेर जाणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह लावून दाबा, आत ओढणाऱ्या बाजूला कधीच नाही. डीसी असेल तर कंट्रोलरवरच कमी होतो.

खरी परीक्षा लाइट गेल्यावर. पंप थांबला की रिटर्नची नळी उलटा सायफन होते आणि तिचं तोंड हवेत येईपर्यंत पाणी खाली येत राहतं. माझा टँक 120 बाय 50, तोंड 4 सेंटीमीटर बुडलेलं, म्हणजे 24 लिटर. संप 60 बाय 40 चा, त्यात तेवढ्याने 10 सेंटीमीटर पाणी चढतं. हेच तोंड 12 सेंटीमीटर खाली असतं तर 72 लिटर आले असते आणि संपमध्ये रिकामी जागा 43 ची. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, एखादा खडा किंवा थोडा थर अडकला की तो पूर्ण मिटत नाही. त्यापेक्षा नळीला पाण्याच्या जरा खाली एक बारीक भोक पाडा, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो.

आणि आता एका गोगलगायीची गोष्ट. तेव्हा माझ्याकडे ड्युर्सोचा एकच पाइप होता, इमर्जन्सी नाही. नखाएवढी गोगलगाय जाळीतून घुसली आणि एल्बोमध्ये जाऊन बसली, पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. खाली पाणी येणं बंद. संपमधल्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात 16 लिटर पाणी, ते सगळं वर गेलं. वरच्या टँकमध्ये त्याला पावणेतीन सेंटीमीटर जागा लागते, माझ्याकडे होती 2. म्हणजे 4 लिटर जमिनीवर, ठीक आहे, फडक्याने पुसलं असतं. पण कप्प्यातलं पाणी उतरलं तसं ऑटो टॉप ऑफला (आटलेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्राला) वाटलं की बाष्पीभवन झालंय आणि त्याने इमानदारीत 20 लिटर आरओचं पाणी ओतलं, तेही वर जाऊन सांडलं. सकाळी सॉक्स ओले झाले तेव्हा कळलं. क्षारता दर हजारी 35 वरून 33 वर, ती हळूहळू वर आणायला चार दिवस गेले.

त्यानंतर टँक रिकामा करून इमर्जन्सी पाइपसाठी दुसरं भोक पाडून घेतलं, पाइपला बारीक जाळीची टोपी घातली आणि टॉप ऑफच्या पंपाला टायमर लावला, एका वेळी लिटरभरच देतो.

शिवाय महिन्यातून एकदा मुद्दाम प्लग काढतो आणि संपवर मार्करने मारलेल्या रेघेकडे बघत उभा राहतो. परवा पाणी रेघ ओलांडून चांगलं तीन बोटं वर जाऊन थांबलं. नळीच्या त्या बारीक भोकात शेवाळ बसलं होतं, टूथपिकने काढलं.