हे कशाला असेल?

परवा दुपारी बैठकीतला बल्ब गेला. नऊ वॅटचा, एलईडी. सुट्टीला आलेला भाचीचा मुलगा मी चढलेली खुर्ची धरून उभा होता, त्यामुळे मला जरा चेवच आला. खाली उतरून बल्बची दुधी टोपी भाजीच्या सुरीने उचकटली. आत ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर पिवळ्या टिकल्या आणि एका टिकलीत तिळाएवढा काळा डाग.

"हा बघ, हा एक गेलाय. सगळे माळेत जोडलेले असतात ना, म्हणून एक गेला की सगळे बंद. दिवाळीतल्या जुन्या तोरणासारखं!"

"हं," तो म्हणाला आणि कॅरमकडे गेला.

चकती हातात घेऊन मी बराच वेळ बसले. तोरणाचं उदाहरण तर चांगलं होतं.

आम्हाला सातवीत बाईंनी फळ्यावर दोन पट्ट्या काढून दाखवल्या होत्या, एकीला एक चिकटवलेल्या. एक पितळेची, एक लोखंडाची. तापल्यावर पितळ लोखंडापेक्षा जास्त वाढतं, म्हणून जोडपट्टी लोखंडाच्या बाजूला वाकते. हे वाक्य मी घडाघडा म्हणायचे. त्याखाली "उपयोग : विजेची इस्त्री" एवढंच होतं. आणि आमच्या घरातली इस्त्री मधूनच 'टक्' करायची, तिचा तांबडा दिवा विझायचा. हा आवाज मी जन्मापासून ऐकत होते. म्हटलं, ती पट्टी आतच असणार.

मुहूर्त मात्र १४ ऑगस्टचा निघाला. आई देवळात गेलेली. मी पेपर पसरला, पिन काढली (एवढी अक्कल होती) आणि स्क्रू सोडवायला घेतले. मूठ निघाली, झाकण निघालं. आत अभ्रकाचे पापुद्रे आणि त्यांच्यावर गुंडाळलेली चपटी, करडी तार. अभ्रक नखाने सोलत गेलं की आणखी पातळ होतं, संपतच नाही. इस्त्री कशाला उघडली होती ते मी तिथेच विसरले.

आई आली तेव्हा पेपरवर इस्त्री नव्हती, इस्त्रीचं सामान होतं. उद्या झेंडावंदन, गणवेश चुरगळलेला. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

बाबा एसटी डेपोत कारकून. विजेच्या वस्तूंशी त्यांचा संबंध बटण दाबण्यापुरता. ते आले, शर्ट खुंटीला अडकवला, माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि अभ्रकाचा तुकडा उजेडात धरून म्हणाले, "हे कशाला असेल गं?"

परीक्षा घेतल्यासारखं नव्हे. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, वीज खालच्या लोखंडात उतरू नये म्हणून. "मग उष्णता कशी उतरते?" आम्ही दोघंही गप्प. वीज अडवायची आणि उष्णता सोडायची, असा शहाणा दरवान दगडात सापडतो याचं मला अजून नवल वाटतं. मग पट्टी सापडली. बाबांनी ती पकडीत धरली, मी खाली मेणबत्ती नेली. जरा वेळाने पट्टी वाकली आणि टोकाच्या दोन टिकल्या सुटल्या. टक्. आम्ही ते सात-आठ वेळा केलं. तिकडे आईने बंबातले निखारे तांब्यात घालून माझा स्कर्ट दाबायला घेतला होता. त्याच्या चुण्या दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत संपेपर्यंतही टिकल्या नाहीत.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून मुलांच्या हातात दिली. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुलं हातांनी काम करत शिकतात. हे सगळं मला आदराने माहीत आहे. पण मुलाला बल्ब दाखवताना माझ्या तोंडून उत्तर आधी निघतं, बल्ब नंतर. काय करू, मला माहीत असतं! आणि नसलं तर फोनला असतं.

एक मात्र मी आधीच सांगून टाकते, त्यात विचारायचं काही नाही. मायक्रोवेव्ह आणि जुना डबा टीव्ही उघडायचा नाही, पिन काढली असली तरी. आतला कंडेन्सर वीज धरून बसलेला असतो. बाकी इस्त्री, बिघडलेला मिक्सर, रिमोट, सगळं पेपरवर घ्यावं. हल्ली निम्म्या वस्तू स्क्रूऐवजी डिंकाने मिटवलेल्या असतात, त्या सुरीने उचकटाव्या लागतात आणि पुन्हा मिटत नाहीत, ही माझी खासगी तक्रार.

आमची इस्त्री मिटली. बाबांनी रात्री अकरापर्यंत बसून ती जोडली आणि ती चालली. फक्त वरची चकती दांडीवर थोडी पुढे बसली. म्हणजे 'सुती'वर ठेवली की कोमट आणि 'रेशमी'वर ठेवली की तवा. बाबा म्हणाले, रविवारी पुन्हा उघडू. मी लग्न होऊन गेले तरी ती तशीच होती. घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. पाहुण्यांना सांगायचं तेवढं राहून जायचं. मामींची एक पैठणी गेली त्यात.