कात्री, घडी आणि आप्पांचा ‘क’

आप्पांना काचबिंदू झालाय हे आम्हाला फार उशिरा कळलं. कडेची नजर आधी जाते, समोरचं बरेच दिवस नीट दिसत राहतं, त्यामुळे माणसाला स्वतःलाच पत्ता लागत नाही. बोर्ड रंगवताना डावीकडचा रंगाचा डबा लवंडायचा आणि आम्ही म्हणायचो वय झालं आता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची एवढंच हातात असतं, आणि ती पण गेल्या दिवाळीच्या आसपास गेली. चाळीस वर्षं सांगलीत दुकानांचे बोर्ड रंगवलेला माणूस खाटेवर बसून नुसता रेडिओ ऐकायला लागला, ते बघवत नव्हतं मला.

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्या दिवसांत मला सारखे बिनोदबिहारी मुखर्जी आठवायचे, शांतिनिकेतनचे चित्रकार. जन्म 1904 चा, लहानपणापासून एक डोळा जवळजवळ निकामी आणि दुसऱ्याने अगदी जवळचंच दिसायचं. 1957 च्या सुमाराला मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं आणि होती तेवढी पण नजर गेली. त्यांच्याबद्दल बोलताना लोक लगेच अंतर्दृष्टी वगैरे शब्द काढतात आणि मला खरंच राग येतो. असं म्हटलं की त्या माणसाने हाताने केलेलं सगळं काम बाजूलाच राहतं ना.

तिथल्या हिंदी भवनातलं त्यांचं भित्तिचित्र बघायला मी कॉलेजात असताना गेले होते. 1946-47 चं काम, मध्ययुगीन संतांचं, भिंतीच्या वरच्या भागात लांबच लांब पसरलेलं. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचे, गिलावा वाळायच्या आत तेवढा तुकडा संपवायचा, आणि त्यांनी तर आधी ट्रेसिंग पण केलं नव्हतं, थेट भिंतीवर. विचार करा, ज्याला चार हात लांबचं दिसत नाही त्याने एवढी भिंत एका नजरेत कधी पाहिलीच नसणार, म्हणजे पूर्ण चित्र डोक्यातच असणार आणि हात त्याच्या मागून तुकड्या-तुकड्याने चालणार! नजर जायच्या दहा वर्षं आधीपासून हा माणूस असंच काम करत होता. त्या भिंतीवर सूरदास पण आहेत. त्यांच्यापुढे मी खूप वेळ उभी होते, का ते तेव्हा नव्हतं कळलं.

नजर गेल्यावर ते परत कलाभवनात, म्हणजे शांतिनिकेतनच्या कलाशाळेत आले, कलेचा इतिहास शिकवायला लागले, आणि हातात रंगीत कागद घेतले. कापायचे, चिकटवायचे, कागदाच्या घड्या घालून आकृत्या करायच्या. रंगाची रेघ वाळली की बोटाला काहीच सांगत नाही, पण कापलेली कड सांगते, घडी सांगते. स्केचपेनने पण रेखाटनं केली, तिथे तर बोटांना काहीच सापडत नाही, सगळा मनगटाच्या सवयीवर भरवसा. 1972 मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर सिरॅमिक टाइल्सचं मोठं म्युरल केलं, त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला. त्यांना फक्त ‘अंध चित्रकार’ म्हणून लक्षात ठेवणं मला अपुरं वाटतं, साधन बदलायची त्यांची समज बघा किती पक्की होती.

तर मी आप्पांना कार्डशीट आणि कात्री दिली. पहिले दोन दिवस हात पण नाही लावला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “शिरोरेघ कुठं धरायची गं?” बोर्डावर ते खडू लावलेल्या दोऱ्याने रेघ मारायचे, तो दोरा आता दिसणार कसा. मी म्हटलं कागदाला घडी घाला आप्पा. त्यांनी घडी घातली, नखाने दाबली, मग अंगठा आणि करंगळी ताणून वीत मोजली, बोर्डाची अक्षरं मोजायचे ना अगदी तसंच, आणि क कापला. पोट थोडं जास्त फुगलं होतं. बोट फिरवून त्यांना ते लगेच कळलं, तो बाजूला ठेवून दुसरा कागद मागितला.

आता खाटेखाली खोक्यात अक्षरं साठलीत. ‘ज्ञ’ अजून मनासारखा होत नाहीये, आत गाठ येते तिथे कात्री वळत नाही म्हणतात. काल त्यांनी बारीक टोकाची कात्री आणायला सांगितलीय, शिलाईवाल्यांकडे असते तसली. शाळा सुटल्यावर बाजारात जाणार आहे.