डावं वळण

गाडी डावीकडं वळताना बंद पडते, उजवीकडं कधीच नाही. एवढी साधी गोष्ट मला कळायला तीन आठवडे लागले. तीसुद्धा मला कळली नाही, मागं बसणाऱ्या काकूंनी सांगितली.

माझं मोटरसायकलींचं गॅरेज बेळगावात, खानापूर रोडला, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ. बावीस वर्षं झाली. आधी नुसती दुरुस्ती होती, आता निम्मं काम लांबच्या प्रवासाला गाड्या तयार करून द्यायचं. लोकांना वाटतं तयार करायची म्हणजे सामानाचे डबे लावायचे, जादा लाइट लावायचे, टाकीवर डोंगराचं स्टिकर मारायचं. माझा वेळ जातो तो न दिसणाऱ्या जागी. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, तो काढून त्याच्या बुशांना ग्रीस, कोन सेट म्हणजे हँडलाच्या मुळातली बेअरिंगं, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग लांबच्या घाटात तापलं की लिव्हर मऊ पडतो. पण ते बदल म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, कारण बाहेरून काही नवीन दिसत नाही. क्लच केबल बदलायची तर जुनी फेकायची नाही. चांगली असली तर नव्याच्या शेजारूनच ओढून, दोन्ही टोकांना टोपी घालून ठेवायची. रस्त्यात तुटली तर पाच मिनिटांचं काम. आणि चेन. चेन मी नेहमी लोड टाकून बघतो. मधल्या स्टँडवर मोकळी गाडी उभी करून दोन बोटं ढील ठेवली, की डबे भरून दोन माणसं बसल्यावर चिमटा वर येतो, चेन तारेसारखी ताणते आणि पुढचं बेअरिंग खाते. म्हणून मी माझ्या पोराला आणि शेजारच्या वेल्डरला सीटवर बसवतो, मग पाना लावतो. शोरूमवाले हे करताना मी अजून बघितलेले नाहीत.

एवढी माझी फुशारकी. आता पुढचं.

सुभेदारसाहेब उचगावच्या पुढचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. गाडी चारशे सीसीच्या आसपासची, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. जायचं होतं लेहला, काकूंना घेऊन. मी म्हटलं, या वयात ट्रेनने जम्मूपर्यंत जा, तिथून टॅक्सी करा. तर म्हणाले, "मेस्त्री, हिनं मला इतकी वर्षं पत्रं लिहिली, सगळ्यांवर पत्ता एकच, केअर ऑफ ५६ एपीओ. ते ५६ एपीओ कुठल्या गावात हाय ते बघायचंय म्हणते. टॅक्सीतून कसं दाखवू?"

फौजेचं पोस्ट ते, त्याला गाव नसतं. त्या पत्त्यावरची पत्रं जवान जिथं असेल तिथं जातात. काकूंना हे माहीत असणार, खरं त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या.

साहेबांची मान दुखायची. बसून बघितलं तर हँडल त्यांना खाली आणि लांब पडत होतं. म्हणून रायझर, म्हणजे हँडलाच्या खाली बसणारे दोन ठोकळे. ऑनलाइन मिळतात, खरं त्यातले कितीतरी कुठल्या धातूचे ते देवाला ठाऊक. मी उद्यमबागेत ओळखीच्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून करून घेतले, ३० मिलिमीटर उंचीचे. बेळगावात हे एक सुख आहे, इथं सकाळी स्केच दिलं की संध्याकाळी पार्ट हातात. बोल्टही तेवढेच लांब आणि भारी ग्रेडचे घातले. हँडल वर गेलं की केबली कमी पडतात, म्हणून इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवून बघितलं. एक्सलेटर केबल ताणली तर इंजिन आपोआप रेस होतं. नाही झालं. क्लच ठीक. ब्रेकचा पाइप ठीक. मग सगळ्या वायरी एकत्र घेऊन, डोक्याच्या पाइपाजवळ, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या नळीजवळ, केबल टायनं आवळून, टायचं शेपूट कापून टाकलं. साहेबांनी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. म्हणाले, "आमच्या सिग्नलवाल्यांची वायरिंग अशी असायची."

मला बरं वाटलं. ते वाक्य मी दोन-तीन जणांना सांगितलंसुद्धा.

लेहला सोडण्याआधी मी प्रत्येकाला सांगतो, सगळं सामान भरून, दोघांनी बसून एकदा गोव्यात जाऊन या. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी, जेवून परत. गाडी काय बोलायची ती त्या रस्त्यावर बोलते. परत येताना केरीच्या वरच्या हेअरपिन वळणाला गाडी बंद पडली. पहिला गिअर, चढ, मागं काकू, दोन्ही बाजूला भरलेले डबे. अशा वेळी इंजिन गेलं की पाय टेकवायलाही वेळ मिळत नाही. गाडी डावीकडं आडवी झाली. मागून येणाऱ्या गोव्याच्या कदंबा बसमधली माणसं उतरली, त्यांनी उचलली. काकूंचं मनगट मुरगळलं होतं. गाडी मात्र बटण दाबल्याबरोबर चालू! तशीच घरापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मी विचारलं, बंद पडताना मीटरचा लाइट गेला का? नाही, लाइट होता, नुसतं इंजिन गेलं. म्हणजे बॅटरी नाही, मेन चावी नाही. खाली वाकून साइड स्टँडचा स्विच बघितला, तर ग्रीस आणि धुळीचा काळा गोळा. स्टँड खाली आहे असं गाडीला वाटलं की ती गिअरमध्ये इंजिन बंद करते. सापडलं! स्विच साफ केला, साहेबांना तो काळा गोळा दाखवला, वर दोन वाक्यं सुनावली की गाडी धुताना इथंही पाणी मारत चला.

आठ दिवसांनी जांबोटीच्या अलीकडं परत बंद. या वेळी पडले नाहीत.

आता मी स्विच बायपास केला. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून साफ केला, रिले बदलला. साहेबांचा पुतण्या पुण्याला असतो, त्यानं व्हिडिओ बघून सांगितलं की पंपच गेलाय. साहेब गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरलाही जाऊन आले. तिथं कॉम्प्युटर लावला, बिघाडाचा कोड काही आला नाही, म्हणून गाडी चांगली आहे असा कागद दिला. आजकाल कॉम्प्युटर बोलला नाही की गाडीला काही झालेलंच नसतं. मी चार दिवस ती गाडी शहरात फिरवली. गोगटे सर्कल, कॅम्प, खडेबाजार, हिंडलग्यापर्यंत. एकदाही बंद पडली नाही. पोराला म्हटलं, साहेबांचं वय झालंय, चढाला क्लच नीट सुटत नसेल. हे मी बोललो. लिहून ठेवतोय, कारण तेवढं तरी लिहायला पाहिजे.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा सोबत काकू होत्या, मनगटाला पट्टी. मी आणि साहेब पंपाबद्दल बोलत होतो. त्या स्टुलावर बसून चहा घेत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मेस्त्री, एक सांगू काय? गाडी डावीकडं वळतानाच बंद पडते बघा. उजवीकडं एकदाबी नाही."

साहेब म्हणाले, "तसं काय नसतंय गं." मी मात्र उठून हँडल धरलं.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो. यू टर्न घेतो तो उजवीकडं. शहरात हँडल डावीकडं टोकापर्यंत जातं ते फक्त पार्किंगमध्ये, आणि तेव्हा इंजिन बंद असतं. घाटात डावी हेअरपिन आपल्याला आतून, आवळून घ्यावी लागते. उजवी बाहेरून, ऐसपैस. म्हणजे चालू गाडीत हँडल डावीकडं टोकाला जायची जागा एकच, घाट. मी चार दिवस कॅम्पातून फिरत होतो.

त्या रात्री शटर अर्धं खाली ओढलं, पोराला पंखा बंद करायला लावला. चावी ऑन, इंजिन बंद. चावी फिरवली की पेट्रोलचा पंप दोन सेकंद 'सूं' करून थांबतो, तो थांबू दिला. मग हँडल हळूहळू डावीकडं. शेवटच्या दोन बोटांवर काही नाही. सरळ आणलं, तर परत 'सूं'. पुन्हा डावीकडं, पुन्हा सरळ. सूं. कुणीतरी इंजिन बंद करायचा किल स्विच बंद-चालू करत असल्यासारखं. पोरगा म्हणाला, "अण्णा, भूत हाय काय ओ?"

किल स्विच उजव्या मुठीत. हँडल डावीकडं गेलं की उजवी मूठ पुढं सरकते आणि तिच्यामागून येणारी वायर ताणते. मल्टिमीटर लावला: सरळ ठेवून १२.४ व्होल्ट, बरोबर. इथंच भलेभले फसतात. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळं वायरीत केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. मी माळ्यावरचा जुना टेस्ट लॅम्प काढला, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, माझ्या उस्तादांनी दिलेला. बल्ब करंट ओढतो, म्हणून तो लावला. पेटला, खरं विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

मग बोटांनी वायर चाचपत गेलो. डोक्याच्या पाइपाजवळ, बरोबर माझ्या टायखाली, वायर ओढली तर रबरासारखी लांबली. आतलं तांबं तुटलं की वायर अशी लांबते. बाहेरचं प्लास्टिक नव्यासारखं. टाय कापला, ब्लेडनं वायर चिरली. आत हिरवट भुकटी आणि तुटक्या तारांचा झुबका. टॉर्च लावून मोजलं तर शाबूत तार एक.

टाय नसता तर वायर जरा इकडंतिकडं सरकली असती, ताण सगळ्या लांबीवर वाटला गेला असता. मी ती एका जागी जखडली. साहेबांनी ज्याचा फोटो काढला, तोच टाय.

पोरगा हळूच म्हणाला, "तार जुनी हुती म्हणून सांगूया की." मी त्याला रागावलो नाही. पाच-दहा मिनिटं मीही त्याच विचारात होतो.

नवी वायर घातली, बारीक तारांची, लवचिक, चार बोटं जास्त लांब. सोल्डरचा डाग हलत्या जागेपासून दूर, सरळ भागात दिला, वर स्लीव्ह चढवली, आणि टायऐवजी सैल वेटोळं. दिसायला गबाळं आहे. सकाळी दोघांना बोलावून तुकडा हातात दिला आणि काय झालं ते सांगितलं. साहेब बराच वेळ तो तुकडा वाकवत राहिले. काकूंनी मनगटाकडं बघितलं, माझ्याकडं नाही. मग साहेब म्हणाले, "तो बल्ब हिला शिकवा. मागं बसून हिलाच सगळं ऐकू येतं." मी नवा टेस्ट लॅम्प करून दिला, काकू अर्ध्या तासात शिकल्या. साहेबांनी फ्यूज बॉक्स उघडून दाखवताना चुकीचा फ्यूज ओढला, तर त्यांनीच सांगितलं. पैसे मी घेतले नाहीत; साहेबांनी ते टाकीवर ठेवले आणि निघून गेले, ते अजून गल्ल्याच्या वेगळ्या कप्प्यात आहेत.

जूनमध्ये ते दोघं लेहला निघाले. झोजिला खिंडीच्या पुढून फोटो आला. त्यात गाडी कडेला उभी, काकू आपल्या बर्फाकडं पाठ करून हँडलाखाली वाकून बघताहेत.

मी वही काढली. रायझर बसवलेल्या गाड्या नऊ, साहेबांची धरून. बाकीच्या आठांना फोन केले. सात आल्या. दोघांची वायर टायखाली मऊ लागली, एकाला तर कळलंही नव्हतं. आठवी मालकानं विकून टाकलीय, चंदगडकडच्या कुणाला तरी, मध्ये एजंट होता, एजंटाला नाव आठवत नाही. तो भाग म्हणजे एकीकडं तिलारीचा घाट, दुसरीकडं आंबोलीचा. परवा शिनोळीला चहाला थांबलो होतो. तिथं चार-पाच गाड्या लागलेल्या होत्या. मी एकेकीचं हँडल धरून डावीकडं वळवून बघायला लागलो, तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं, काय शोधताय मेस्त्री. म्हटलं, काळी गाडी आहे, टाकीवर डोंगराचं स्टिकर. तो म्हणाला, "अशा दिवसाला धा जातात की ओ."