बामाकोत भीती नाही वाटली?

आम्ही मालीच्या राजधानीत, बामाकोत राहून आलोय हे कळलं की लोक हमखास विचारतात, "सैन्याने सरकार उलथलं तेव्हा तिथेच होतात ना? बायकांचे तर फार हाल झाले असतील." तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

१८ ऑगस्ट २०२०ला शहराजवळच्या कातीच्या लष्करी छावणीतून सैनिक निघाले. आम्ही दारं लावून बसलो. मध्यरात्रीनंतर राष्ट्राध्यक्ष केइता मास्क लावून टीव्हीवर दिसले. राजीनामा दिला आणि जाता जाता संसदही बरखास्त करून गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यावरची कांदेवाली नेहमीसारखे ढीग मांडून बसली होती. हालच म्हणाल, तर त्या संसदेत चौथ्या हिश्श्याहून जास्त बायका होत्या. आदल्या संसदेत दहा टक्केसुद्धा नव्हत्या. निवडून येऊन जेमतेम चार महिने झाले होते बिचाऱ्यांना.

पण सगळं खापर बंदुकीवर फोडायला मी तयार नाही. २००९मध्ये मालीत लोकांनी निवडलेलंच सरकार होतं. संसदेने नवा कुटुंब कायदा मंजूर केला: लग्नाचं वय मुलींनाही १८, वारशात मुलींना बरोबरीचा वाटा, आणि बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हे १९६२पासूनचं कलम रद्द. त्याविरुद्ध '२६ मार्च' स्टेडियममध्ये हजारो लोक जमले. (१९९१ला हुकूमशाही पडली ती ही तारीख. त्या आंदोलनात बायकाही रस्त्यावर होत्या.) राष्ट्राध्यक्ष तुरे यांनी कायदा परत पाठवला. २०११ला तो पुन्हा आला तेव्हा मुलींचं वय १६ आणि आज्ञेचं कलम जागच्या जागी! २०१८मध्ये आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने कायदा बदला म्हणून सुनावलं. सरकारचा बचाव काय, तर लोक इतके खवळले होते की आमचा नाइलाज झाला.

बामाकोत रविवार म्हणजे लग्नांचा दिवस. २०२०च्या त्या उठावानंतर काही महिन्यांनी कांदेवालीने मुलीच्या लग्नाला बोलावलं. नगरपालिकेच्या हॉलमध्ये घाम, अत्तर आणि खळ दिलेल्या चकचकीत बाझँ कापडाची सळसळ. तिरंगी पट्टा घातलेल्या अधिकाऱ्याने कलमं वाचली, त्यात ते आज्ञेचंही. मग विचारलं, एकपत्नी की बहुपत्नी? नवरा म्हणाला, बहुपत्नी. नवरीने मान खाली घालून 'वी' म्हटलं, म्हणजे फ्रेंचमध्ये 'हो'.

मी कांदेवालीकडे पाहिलं. "माझ्या वेळेलाही हेच वाचलं होतं," ती म्हणाली आणि झगा सावरत फोटोसाठी उठली.