तुम्ही विचारलंत म्हणून : मी दागिना आधी उलटा का धरते

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या आमच्या घरी येणारे मराठी पाहुणे बैठकीतल्या काचेच्या कपाटापुढे हमखास थांबतात आणि थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात : "हे पिरोजे खरे आहेत आणि इतके जुने आहेत, हे तुम्हाला कळते कसे?" चहा थंड होण्याच्या आत उत्तर संपवायचे म्हणून मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि पाहुणे गेल्यावर मलाच चुटपुट लागून राहते. ते उत्तर आज सावकाश लिहीत आहे.

कपाटात साठेक वस्तू आहेत : कडी, अंगठ्या, पिना, चार माळा, चांदीच्या दोन डब्या, पाकिटे उघडायची एक सुरी आणि काही चमचे. त्या बहुतेक १९३५ ते १९६५ या काळात न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या राज्यांत नवाहो, झुनी आणि होपी या तिथल्या मूळ आदिवासी समाजांच्या आणि केवा पुएब्लो या आदिवासी गावाच्या कारागिरांनी केलेल्या आहेत. मी कुठलीही वस्तू हातात घेतली की खड्याकडे पाहण्याआधी ती उलटी करते, कारण वय आणि खरेपणा सांगण्याचे काम खड्यापेक्षा चांदी चांगले करते आणि चांदीची समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी सजवलेली असते.

ही सवय मला अमेरिकेत लागलेली नाही. माझे बालपण कोल्हापूरजवळच्या हुपरीत गेले, जिथे घरोघरी चांदीकाम चालते. वडील पैंजणांचे कारागीर होते. कुणी मोडका डाग दुरुस्तीला आणला की ते तो प्रथम पालथा करून उजेडाकडे धरत आणि डाख, म्हणजे धातू वितळवून दिलेला सांधा, कुठे दिला आहे, किती दिला आहे, कानस कुठल्या दिशेने फिरली आहे हे पाहत. बनवणारा घाईत होता की निवांत, शिकाऊ होता की मुरलेला, हे ते त्यावरून सांगत. इथे आल्यावर पहिल्यांदा नवाहो घडणीचे कडे हातात घेतले तेव्हा दागिन्याचा घाट अनोळखी होता. पाठ मात्र ओळखीची वाटली. त्याच दिवशी ते विकत घेतले.

आता खड्याविषयी. पिरोजा हा तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट आहे. तांब्यामुळे त्याला निळा रंग येतो आणि लोह असेल तर तो हिरव्याकडे झुकतो. त्याचे काठिण्य मोह्सच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर पाच ते सहाच्या दरम्यान, म्हणजे रत्नांच्या मानाने तो मऊच. शिवाय तो सच्छिद्र असतो : त्वचेचे तेल, घाम, साबण हे सगळे तो पिऊन घेतो आणि वर्षानुवर्षे वापरल्यावर निळ्याचा हिरवा होत जातो. खाणीतून निघणारा पुष्कळसा पिरोजा खडूसारखा ठिसूळ असल्यामुळे त्यात राळ मुरवून तो घट्ट करतात. असा खडा मुळात पिरोजाच असतो, पण तसे सांगून विकला पाहिजे. मॅग्नेसाइट किंवा हाउलाइट हे पांढरे दगड निळे रंगवून विकणे ही त्यापुढची पायरी. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले तर भेगांमध्ये रंग साचलेला दिसतो. सर्वांत शेवटी येतो तो निव्वळ प्लास्टिकचा ठोकळा, ज्यात दगडाचा अंशही नसतो. खाणीच्या नावांवर तर मी फारसा भरवसा ठेवतच नाही. ॲरिझोनातल्या बिस्बी येथील तांब्याच्या खाणीचे काम १९७५ मध्ये थांबल्यापासून तिथल्या तपकिरी रेषांच्या पिरोज्याला मोठा मान आहे, आणि म्हणूनच तपकिरी रेषा असलेल्या कुठल्याही खड्याला ते नाव चिकटवले जाते. एकाच खाणीतून अनेक छटा निघतात आणि एकच छटा अनेक खाणींत सापडते, त्यामुळे सोबत जुनी पावती किंवा घराण्यात जपलेली माहिती नसेल तर मी माझ्या नोंदवहीत खाणीचा रकाना मोकळा सोडते.

चांदीचे तसे नाही. नवाहो लोकांमध्ये हे काम रुजले ते मुख्यत्वे १८६८ नंतर, म्हणजे बोस्के रेदोंदोच्या सक्तीच्या वस्तीतून सुटून ते आपल्या भूमीत परतल्यावर. आत्सिदी सानी यांना त्यांचा पहिला चांदीकार मानतात, आणि चांदीत पिरोजा बसवण्याची रीत साधारण १८८० च्या सुमारास सुरू झाली. आधी अमेरिकी नाणी आणि मग मेक्सिकोचे पेसो वितळवून, ठोकून पत्रा केला जाई. तयार पत्रा सर्रास मिळू लागला तो पुढे. मला हव्या असलेल्या काळात हे दोन्ही प्रकार चालू होते, म्हणून पाठ वाचणे आणखी महत्त्वाचे ठरते. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. ठसे एकेक करून मारलेले असतात, त्यामुळे एक खोल, दुसरा किंचित कलता असे होते आणि पत्रा पातळ असेल तर त्यांची पुसट छाया मागे उमटते. यंत्राच्या साच्यात दाबलेल्या कड्यावर मात्र सगळी नक्षी एकाच खोलीची असते. मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेल्या साच्यातून ओतलेल्या कड्याच्या पाठीवर त्या दगडाचा खरबरीतपणा राहून गेलेला असतो. माळेतले पोकळ मणी दोन वाट्या जोडून केलेले असतात आणि कमरेशी डाखाची रेघ सापडते. साजाचे पोकळ मणी पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

मीही फसले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या वस्तूंच्या जत्रेत १९४० च्या दशकातले म्हणून एक रुंद कडे घेतले. खडे सुंदर होते, चांदी मुद्दाम काळवंडवलेली होती आणि विक्रेत्याने "जुने गहाण" हे शब्द तीनदा उच्चारले होते. घरी येऊन भिंगाखाली धरल्यावर पाचही खड्यांवरच्या काळ्या रेषांचे जाळे तंतोतंत एकाच पद्धतीचे दिसले. खडे प्लास्टिकचे होते. मी दुकानात कडे उलटे केले नव्हते, कारण समोरची बाजू पाहूनच मोहात पडले होते.

त्या "गहाण" शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे. नवाहो कुटुंबे आपले दागिने व्यापाऱ्याच्या ठाण्यावर ठेवून धान्य, कापड, कॉफी उधार नेत आणि लोकर किंवा कोकरे विकल्यावर ते सोडवून आणत. मुदतीत न सुटलेला डाग व्यापारी विकून टाकी. अशा बुडालेल्या गहाणातले दागिने घरच्या वापरासाठी केलेले, वजनदार आणि उत्तम असत, म्हणून बाजारात त्या शब्दाला किंमत आली आणि आज तो कशालाही लावतात. सावकाराकडे पाटल्या ठेवून बी-बियाणे आणल्याच्या आठवणी आपल्याकडे ज्या घरांत आहेत, त्यांना ही गोष्ट कौतुकाने का सांगता येत नाही ते कळेल. तो शब्द खरा असेल तर त्यामागे कुणाचे तरी वाईट वर्ष आहे. मी तो ऐकून जास्त पैसे देत नाही.

हीच तीस वर्षे का, असे पुढे विचारले जाते. त्याआधी रेल्वेबरोबर पर्यटक आले आणि रेल्वेमार्गांवर हॉटेले चालवणाऱ्या फ्रेड हार्वे कंपनीने १८९९ पासून त्यांच्यासाठी हलके, स्वस्त दागिने करवून घ्यायला सुरुवात केली होती. पुढे कारखान्यांनी बाण आणि पक्षी छापलेल्या पातळ बांगड्यांचे ढीग घातले. ह्या मालाने हातकाम बुडेल अशी रास्त भीती निर्माण झाली तेव्हा १९३५ मध्ये केंद्र सरकारने आदिवासी कला आणि हस्तव्यवसाय मंडळ स्थापन केले. मंडळाने दशकाच्या अखेरीस निकषांत बसणाऱ्या हातच्या चांदीकामावर "यू.एस. नवाहो", "यू.एस. झुनी" असे शिक्के मारायला सुरुवात केली. ती योजना थोडीच वर्षे चालली, त्यामुळे असे शिक्के दुर्मीळ आहेत. माझ्याकडे तसे एकच कडे आहे, अगदी साधे, पण हातात तोलून पाहावे इतके जड. १९४१ मध्ये नवाहो कारागिरांची संस्था उभी राहिली, जिच्या घडणीत नवाहो चांदीकार ॲम्ब्रोस रोनहॉर्स यांचा मोठा वाटा होता. होपींच्या मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवरच्या गावांत, १९४७ पासून फ्रेड काबोटी आणि पॉल सौफकी या होपी कलावंतांनी दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना चांदीकाम शिकवले आणि १९४९ मध्ये होपींची संस्था झाली. वरच्या पत्र्यात आकृती कातरून तो खालच्या पत्र्यावर डाखाने बसवायचा आणि खालचा भाग काळा करायचा, ही त्यांची ओळख बनलेली रीत याच वर्गांतून पसरली. झुनीमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे पिरोजे कापून प्रत्येकाला स्वतंत्र कोंदण देण्याचे काम अशा सफाईला पोहोचले होते की एका पिनेवरचे खडे मोजताना मी दोनदा चुकले. व्यापारी सी. जी. वॉलेस यांनी जमवलेल्या झुनी कामातल्या सुमारे ५०० वस्तू फीनिक्सच्या हर्ड संग्रहालयात आहेत. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना मी ग्रँड कॅन्यनइतकाच आग्रह तिथे जाण्याचा करते. १९७० च्या दशकात पिरोज्याची लाट आली, मागणी अफाट वाढली आणि तिच्याबरोबर नकली माल वाढला. त्या दशकातही उत्तम कामे झाली, पण माझे मन त्या लाटेआधीच्या कामात रमते, कारण तिथे घाई दिसत नाही.

घाई नसणे म्हणजे काय ते मोठ्या डबीवरून दाखवता येते. ती हाताच्या तळव्यावर मावते, झाकणावर एकच लंबगोल हिरवट खडा आहे आणि भोवती नक्षी जवळजवळ नाहीच. १९५० च्या दशकात ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल येथे नवाहो चांदीकार केनेथ बेगे यांनी डब्या, चमचे, भांडी यांत मोकळे पृष्ठ आणि स्वच्छ रेषा आणल्या, क्वचित चांदीत काळसर जड लाकूडही बसवले. ही डबी त्यांची नाही, तिच्यावर कुणाचाच शिक्का नाही, पण करणाऱ्याने ते वारे अनुभवले असावे. बिजागरी पाच बारीक नळ्यांची आहे आणि प्रत्येक नळी पट्टी वळवून, सांधून केलेली आहे. डबीच्या तळाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी कधी पाहणार नाही, तिथेही कानशीच्या रेघा एकाच दिशेने नेल्या आहेत. वडील असते तर त्यांनी ती डबी बराच वेळ खाली ठेवली नसती.

कपाटातली सर्वांत स्वस्तात मिळालेली आणि मला सर्वांत प्रिय असलेली वस्तू मात्र चांदीची नाहीच. १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत केवा पुएब्लोत, ज्याला तेव्हा सांतो दोमिंगो म्हणत, चांगला काळा दगड परवडेनासा झाला तेव्हा लोकांनी मोटारीच्या जुन्या बॅटऱ्यांची काळी कठीण कवचे कापली, लाल रंगासाठी मोडके प्लास्टिक घेतले, पांढऱ्यासाठी जिप्सम किंवा हाड घासले आणि त्यांवर पिरोज्याचे कपचे चिकटवून पक्ष्याच्या आकाराचे पदक असलेल्या माळा केल्या. त्या माळा रेल्वेच्या फलाटांवर आणि महामार्गाच्या कडेला विकल्या जात. माझ्या माळेतल्या एका पदकाच्या पाठीवर, कवचाच्या मूळ साच्यातली एक उभी रेघ अजून आहे. समोरून ती माळ दगडी जडावकाम वाटते. तिची खरी गोष्ट त्या रेघेत आहे. हजार वर्षांपूर्वी न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनच्या प्राचीन वस्तीत पिरोज्याचे मणी ज्या कष्टाने घडवले जात, तोच हातोटीचा धागा बॅटरीच्या कवचापर्यंत तुटू न देणाऱ्या या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

जपणुकीबद्दलही विचारले जाते, आणि इथे माझी एक चूक सांगणे उपयोगाचे ठरेल. एक जुनी नवाहो अंगठी मी कोमट साबणपाण्यात ठेवून धुतली. दुसऱ्या दिवशी खडा कोंदणातून वर उचलला गेला होता. जुने कारागीर खड्याखाली लाकडाचा भुसा भरत, जेणेकरून खडा हव्या त्या उंचीवर बसावा आणि धक्क्याने फुटू नये. आपल्याकडे पोकळ डागात लाख भरतात ना, तशीच ही सोय. पाणी पिऊन तो भुसा फुगला होता. तेव्हापासून मी पिरोज्याला पाणी लावत नाही, मऊ कोरड्या कापडाने पुसते आणि चांदी चकचकीत करणारी कोणतीही रसायने त्याच्याजवळ आणत नाही. हिरवे झालेले खडे पुन्हा निळे करण्याच्या युक्त्या लोक सुचवतात. त्या मी करत नाही. नवाहो भाषेत निळ्या-हिरव्याला मिळून एकच शब्द आहे, आणि हिरवा झालेला खडा कुणाच्या तरी हातावर वर्षानुवर्षे होता याची ती खूण आहे. ती पुसण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूसमोर वजन, मापे, कुठे घेतली, किती दिले, पाठीवर काय दिसते, हे लिहिलेले असते. शेवटचा रकाना कारागिराच्या नावाचा आहे. त्या काळातले बहुतेक काम सहीशिवाय झाले, म्हणून तो बराचसा रिकामा आहे. पण हे कारागीर आपले ठसे पोलादातून स्वतः घडवत आणि एका हाताचा ठसा दुसऱ्याच्या ठशाशी हुबेहूब जुळत नाही, त्यामुळे संग्रहालयांतल्या नाव माहीत असलेल्या कामाचे फोटो आणि माझ्या कड्यांच्या पाठी शेजारी ठेवून मी रविवारी सकाळी भिंगाने तुलना करत बसते. आतापर्यंत तीन नावे लिहिता आली आहेत, तीही पेन्सिलने.