ल्युडेरिट्झला जायचंय? सगळं दुपारच्या आत उरका (माझा अनुभव)

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या केपटाऊनला राहतो. इथे नामिबिया म्हटलं की सगळे स्वाकोपमुंड नाहीतर सोसुसफ्लेचे वाळूचे लाल डोंगर सांगतात, नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या ल्युडेरिट्झ गावाचं नाव काढलं की म्हणतात तिकडे काय ठेवलंय, कोलमान्सकोपचे, म्हणजे जवळच्या वाळूत बुडालेल्या ओसाड गावाचे, फोटो काढायचे, एक रात्र झोपायचं आणि निघायचं. आम्ही जास्त थांबलो आणि बरं झालं. तिथे जायचं कसं, कुठे काय लागतं हे मराठीत कुठे सापडलं नाही म्हणून लिहितेय. व्हिसाचं मात्र मी काही सांगत नाही, नियम बदलत राहतात, भारतीय पासपोर्ट असेल तर निघायच्या आधी ताजं काय आहे ते बघूनच ठरवा.

आधी गाडी. भाड्याची गाडी दक्षिण आफ्रिकेच्या बाहेर न्यायची तर कंपनीकडून बॉर्डर लेटर, म्हणजे परवानगीचं पत्र, लागतं आणि ते बुकिंग करतानाच मागायचं, काउंटरवर ऐनवेळी मागितलं तर मिळेलच असं नाही. गाडीच्या मागे ‘झेडए’चा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या गाडीचा, स्टिकर लागतो. आणि इन्शुरन्सचा कागद नीट वाचा, म्हणजे अगदी बारीक अक्षरातला. टायर आणि काचेचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं हे माहीत होतं, पण वाळूच्या वादळात गाडीचा रंग खरवडला गेला तर तो खर्च बहुतेक इन्शुरन्समध्ये धरतच नाहीत. मला वाचताना हसू आलं होतं, वाऱ्याने काय रंग जातो का! जातो. तिथे गेल्यावर जुन्या गाड्यांचे बंपर बघितले आणि पटलं. घेतानाच गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

केपटाऊनहून एन-७ महामार्गाने सरळ उत्तरेला, वाटेत स्प्रिंगबॉकला मुक्काम. फिओल्सड्रिफला ऑरेंज नदी ओलांडली की पलीकडे नूर्डूवर, तिथे नामिबिया सुरू. ही बॉर्डर चोवीस तास उघडी असते. अलीकडे पासपोर्टवर शिक्का, पोलिसांकडे गाडीची नोंद, पलीकडे परत फॉर्म, परत शिक्का, आणि एका वेगळ्या खिडकीवर बाहेरच्या गाडीसाठी रोड चार्ज भरायचा. त्याची पावती मिळते ती गाडीतच ठेवायची, नंतर विचारू शकतात. सगळ्याला मिळून तासाभराच्या आत सुटलो, आपल्याकडच्या आरटीओच्या मानाने काहीच नाही. पैशांचं सोपं आहे, नामिबियन डॉलर आणि रँड एकास एक, रँड तिकडे सगळीकडे चालतो. उलटं मात्र होत नाही, ते शेवटी सांगते.

नूर्डूवरहून मोठा रस्ता सोडून आम्ही नदीच्या काठाने सी-१३ घेतला. दोन्ही बाजूला काळेकरडे उघडे डोंगर आणि मध्येच ऑसनकेअरला द्राक्षांचे मळेच्या मळे हिरवेगार, नवरा नाशिकचा, त्याने गाडी थांबवलीच. "अगं बघ, पाणी दिलं की दगडावर पण येतात द्राक्षं," असं म्हणत तो ठिबकच्या नळ्या बघत बसला. पुढे रोश पिनापर्यंत बराचसा कच्चा रस्ता, वेग कमी ठेवावा लागतो. रोश पिना ही जस्ताच्या खाणीची वस्ती, तिथून औसपर्यंत परत डांबरी. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी आहे अजून वगैरे विचार करायचा नाही.

औस ते ल्युडेरिट्झ साधारण १२५ किलोमीटर आणि हा पट्टा उजेडातच करा. गारुबला पाणवठ्यावर रानघोडे येतात, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या सैन्याच्या आणि तिथल्या जर्मन पागांच्या (तेव्हा ही जर्मनांची वसाहत होती) घोड्यांचे हे वंशज असं मानतात, वाळवंटातच वाढलेले. ते रस्त्यावर कधीही येतात. आणि शेवटच्या टप्प्यात वाळूच रस्त्यावर येते. वाळूपासून सावध राहा अशा पाट्या आहेत, आणि त्या शोभेच्या नाहीत, लोडर लावून रस्ता साफ करायचं काम चालू असतं. दोन्ही बाजूला पूर्वीचं श्पेरगेबीट, म्हणजे हिऱ्यांसाठी १९०८ मध्ये बंद केलेला मुलूख, आता नॅशनल पार्क झालं असलं तरी परवानगीशिवाय रस्ता सोडून आत पाऊल टाकायचं नाही. लघवीला जायचं तर औसलाच जाऊन घ्या, सरळ सांगते.

गावात शिरलो तेव्हा चार वाजले असतील आणि गाडीचं दार उघडेना. म्हणजे वारा दार बाहेरून दाबून धरत होता. कसेबसे आत गेलो तर गेस्ट हाऊसच्या मालकीणबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "या, या. इथे काही करायचं असेल तर दुपारच्या आधी करायचं, नंतर वारा करू देत नाही." आमचं पुढचं सगळं वेळापत्रक या एका वाक्यावर बसलं. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या दिवाळीपासून होळीपर्यंत, हे जवळजवळ रोजचंच. समुद्रात बेंग्वेलाचा थंड प्रवाह, आतमध्ये तापलेलं वाळवंट, दुपारी आतली हवा वर चढली की समुद्रावरची थंड हवा आत घुसते. हाच वारा म्हणून जगातले वेगवाले विंडसर्फर इथे येतात, मुद्दाम खणलेल्या कालव्यात २०१५ मध्ये ५३ नॉटच्या, म्हणजे ताशी ९८ किलोमीटरच्या, वरचा विक्रम झाला. आणि याच थंड पाण्यामुळे पाऊस नाही. वर्षाला २० मिलिमीटरच्या आसपास, वसईला जुलैत चहा उकळेपर्यंत तेवढा पडून जातो. धुकं मात्र भरपूर. डिसेंबरात स्वेटर न्या.

मग परमिट. कोलमान्सकोप गावापासून १० किलोमीटरवर. साधं परमिट गेटवर मिळतं, त्यातच गाइडची टूर येते, पण ते दुपारी १ पर्यंतच. पहाटेच्या उजेडात फोटो काढायचे तर फोटोग्राफरचं वेगळं परमिट, महाग, पण सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालतं, आणि ते आदल्या दिवशी गावातूनच घेऊन ठेवायचं. आम्ही साधंच घेतलं आणि गेट उघडायला हजर राहिलो. माझं मत विचाराल तर फोनवर फोटो काढणाऱ्यांना तेवढं पुरतं, उघडल्यावरचा पहिला तास गर्दी नसते. टूर सोडू नका. १९०८ मध्ये रेल्वेवर वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला नावाच्या कामगाराला हिरा सापडला, त्याने तो साहेबाला म्हणजे आउगुस्ट श्टाउखला नेऊन दिला, श्टाउख गब्बर झाला आणि लेवालाच्या हाती काही लागलं नाही. नंतर श्टाउखही कंगाल होऊन मेला, पण ते नंतर. वाळवंटाच्या मध्ये या लोकांनी नाचाचा हॉल, बोलिंगची खोली, एक्स-रे मशीनवालं हॉस्पिटल आणि बर्फाचा कारखाना उभा केला होता, पाणी बोटीने केपटाऊनहून यायचं. पुढे १९२८ च्या सुमाराला दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाशी मोठे हिरे मिळाले, माणसं तिकडे सरकली आणि १९५६ पर्यंत हे गाव रिकामं झालं. खोल्यांमध्ये वाळू कमरेपर्यंत. बूट घालून जा, चप्पल घालून गेलात तर चटके बसतील आणि खिळे पण आहेत. जिने चढू नका, लाकूड कुजलेलं नाही पण सैल आहे.

इथपर्यंतचं सगळ्या व्हिडिओत असतं. मला जास्त लागलं ते शार्क आयलंड. नावाला बेट, आता रस्त्याने जोडलेलं, बंदराच्या शेजारीच, चालत जाता येतं. १९०५ ते १९०७ मध्ये जर्मनांनी इथे हेरेरो आणि नामा या इथल्याच लोकांसाठी छळछावणी चालवली. बायकामुलं, म्हातारी, सगळे याच वाऱ्यात, उघड्या खडकावर. मेलेल्यांचा आकडा हजारापासून तीन हजारांपर्यंत सांगतात. नामांचा पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स इथेच १९०७ ला गेला, त्याचं स्मारक आहे. आणि त्याच जागेवर आज कॅम्पसाईट आहे, तंबू, बार्बेक्यूचे कट्टे, सगळं. आम्ही गेलो तेव्हा एक कुटुंब खुर्च्या टाकून वाईन पीत बसलं होतं. त्यांची चूक नाही म्हणा, बुकिंग करता येतं म्हणजे माणूस करणारच, पण मला तिथे पाण्याची बाटली उघडायला पण नको वाटलं. जर्मनीने २०२१ मध्ये तो वंशसंहार होता हे कबूल केलं. बंदर वाढवायची योजना आहे आणि तिथे आमच्या पूर्वजांची हाडं आहेत म्हणून नामांच्या संघटनांचा तिला विरोध आहे. कुठेही राहा, पण तिथे मुक्काम नको, हे माझं आपलं मत.

गाव तसं छोटं आणि चढउताराचं, रंगीत जर्मन घरं खडकावर बसवलेली. १८८३ मध्ये ब्रेमेनच्या आडोल्फ ल्युडेरिट्झ नावाच्या तंबाखूवाल्याने ही किनारपट्टी नामांचा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्सकडून घेतली, करारात मैल लिहिलेले, फ्रेडरिक्सला वाटलं इंग्रजी दीड किलोमीटरवाले, ल्युडेरिट्झने मोजले जर्मन साडेसात किलोमीटरवाले. सावकारी कागद कुठेही सारखाच. १९१२ चं फेल्सनकिर्श चर्च फक्त संध्याकाळी थोडा वेळ उघडतं, मावळतीच्या उजेडात त्याच्या रंगीत काचा बघण्यासारख्या आहेत, त्यातली वेदीमागची काच कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, दिलेली. सकाळी वेळ असेल तर १९१० च्या सुमाराचं गोएर्के हाऊस हे जुनं घर बघा. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दुकानं बंद असतात, सामान आधीच भरून ठेवा.

डिआझ पॉइंटला साधारण २० किलोमीटर कच्च्या रस्त्याने जायचं, सकाळीच. १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ डिआझने परतीच्या वाटेवर इथे दगडी क्रूस उभारला, आता आहे ती प्रतिकृती. मी वसईची, पोर्तुगीजांच्या किल्ल्यात खेळून वाढलेली, त्यामुळे ही मंडळी आमच्याकडे यायच्या आधी कुठे कुठे थांबत होती ते बघायला मजा वाटली. जवळच्या हॅलिफॅक्स बेटावर पेंग्विन आहेत, किनाऱ्यावरून दुर्बिणीने दिसतात. बोटीने पण नेतात पण आमची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली, पैसे परत मिळाले. बुक करतानाच पहिल्या सकाळची बोट घ्या म्हणजे रद्द झाली तर दुसरी सकाळ हाताशी राहते.

खाण्याचं आमच्यासारख्या मासेखाऊंना सुख आहे. शेवंड (लॉब्स्टर) आणि कालवं (ऑयस्टर), कालवांची तर इथे शेतीच करतात. शेवंड नोव्हेंबर ते एप्रिलच्या हंगामात ताजी मिळते, नुसत्या लोणी लसणावर भाजून देतात, मी पर्समधलं मालवणी मसाल्याचं पुडकं काढलं तर नवरा म्हणाला, "अरे देवा, इथे पण?" हो, इथे पण. शाकाहारी असाल तर मात्र चिप्स, पिझ्झा आणि सॅलडवर राहावं लागेल, मेतकूट न्या.

परत येताना तोच रस्ता, निघायचं सकाळी. बॉर्डरच्या आधी नूर्डूवरलाच उरलेले नामिबियन डॉलर पेट्रोलमध्ये संपवा, नदी ओलांडली की ते कोणी घेत नाही, आमच्याकडे अजून थोडे पडून आहेत, कोणी जाणार असेल तर सांगा.